टाकाऊ वस्तूंची वाद्ये : काम गेले, गुण राहिला



'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द आपण पहिलीपासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा त्याचा अर्थ आइस्क्रीमच्या काड्यांचे घर किंवा बाटली रंगवून केलेली फुलदाणी एवढाच धरला जातो. फुलदाणी छान दिसते, पण महिन्याभराने ती पुन्हा कचऱ्यातच जाते. म्हणून यंदा कार्यानुभवाच्या तासाला आमच्या गटाने ठरवले, की शोभेची नव्हे तर वाजणारी वस्तू करायची. शिवाय ती का वाजते, हेही शोधायचे.

यामागे एक कारण होते. आपल्या वर्गात मुले बेचाळीस. शाळेत पेटी एक आणि ढोलकी एक. परिपाठाला एकजण पेटी वाजवतो, दुसरा ढोलकी. बाकीच्या चाळीस जणांनी टाळ्या वाजवायच्या. वाद्याला हात लावायचा तर आधी ते वाजवता आले पाहिजे, असे म्हणतात. पण हात लावल्याशिवाय वाजवता येणार तरी कसे? नवी वाद्ये विकत आणायची तर पैसे पडतात. डबे, तारा, नळ्या आणि बाटल्या मात्र घरोघरी पडून असतात. त्यांतूनच आम्ही चार प्रकारची वाद्ये केली. ती कशी केली व त्यातून काय शिकलो, ते या पाठात सांगते.

वस्तू नको, गुण शोधा

गुरुजींनी आम्हांला आधी काहीच बनवू दिले नाही. त्यांनी प्रत्येकाला वहीत दोन रकाने आखायला सांगितले. पहिल्या रकान्यात लिहायचे, 'या वस्तूचे काम काय होते?' दुसऱ्यात लिहायचे, 'या वस्तूचा गुण काय आहे?' आमच्या गटाचा तक्ता असा झाला :

तेलाचा डबा — काम : तेल ठेवणे. गुण : आतून पोकळ, पत्रा पातळ, टिचकी मारली की थरथरतो.
सायकलची ब्रेकवायर — काम : ब्रेक ओढणे. गुण : ताण सोसते, सहजी तुटत नाही.
सायकलची जुनी ट्यूब — काम : हवा धरणे. गुण : ताणली जाते, आवळून धरते.
वायरिंगच्या पाईपचा तुकडा — काम : विजेची तार झाकणे. गुण : सरळ, आत हवेचा खांब.
काचेची बाटली — काम : सरबत ठेवणे. गुण : कडक, ठोकली की वाजते.

तक्ता पुरा झाल्यावर एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. वस्तू टाकाऊ होते तेव्हा तिचा पहिला रकाना संपतो, दुसरा संपत नाही. डबा गळू लागला की त्यात तेल राहत नाही, पण त्याचा पोकळपणा काही गळून जात नाही. ब्रेकवायरीचे आठ पदर तुटले की ती ब्रेकच्या कामाची नाही, पण उरलेला प्रत्येक पदर अजून ताण सोसतोच. काम गेले, गुण राहिला. हे एकदा समजले की टाकाऊ वस्तूकडे बघण्याची रीतच बदलते.

भंगार ओळखणारे पाहुणे

आमच्या वर्गातील एका मुलीचे वडील भंगार गोळा करतात. 'वडील काय करतात?' असे कुणी विचारले, तर ती नुसते 'धंदा' एवढेच सांगायची. गुरुजींनी तिच्या वडिलांना एक दिवस वर्गावर बोलावले. ते पोते घेऊन आले आणि पहिल्यांदा दारातच उभे राहिले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. मग ते म्हणाले, "पोरांनो, आमच्यात कुठलीबी वस्तू भंगार नसती. तिचा भाव तेवढा ठरायचा ऱ्हायलेला असतो."

त्यांनी आम्हांला दोन परीक्षा शिकवल्या. पहिली लोहचुंबकाची. लोखंड व पत्र्याचा डबा चुंबकाला चिकटतो. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम चिकटत नाही. दुसरी परीक्षा कानाची. त्यांनी पोत्यातून एकेक तुकडा काढून दगडावर टाकला. पितळ खणखणले आणि आवाज बराच वेळ टिकला. शिशाचा तुकडा नुसता 'बद्द' झाला. मग त्यांनी आमची पाठ दाराकडे करवून तुकडे टाकले आणि धातू ओळखायला लावले. सर्वांत जास्त बरोबर उत्तरे कुणाची आली असतील? त्यांच्याच मुलीची. ती हे घरी रोज ऐकते.

पालकांना ही परीक्षा नवी नाही. बाजारात माठ घेताना आपली आई तो बोटाच्या पेराने वाजवून बघते. चांगला भाजलेला माठ टणटण वाजतो. चीर गेलेला असेल तर भसाडा वाजतो. म्हणजे वस्तूच्या अंगचा गुण कानाने पारखण्याची विद्या आपल्या घरात पूर्वीपासून आहे. आता आमच्या गटात डबा निवडायचे काम त्याच मुलीकडे असते. ती डबा वाजवते आणि 'हा घ्या' किंवा 'हा नको' म्हणून सांगते.

आपल्या भागातील उदाहरणे

आपले लोणंद पुणे-मिरज या रेल्वेमार्गावर आहे. या मार्गाच्या दोन्ही टोकांना या पाठाची दोन मोठी उदाहरणे आहेत.

एका टोकाला मिरज. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत. पण ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले अशा हत्यारांना धार व झळाळी देणारे कारागीर. लढाया थांबल्या, तसे हत्यारांचे काम कमी झाले. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराने वाद्ये दुरुस्त करण्याचे व पुढे नवी घडवण्याचे काम सुरू केले. तलवारीचे काम गेले, पण हातातली सफाई गेली नाही. त्यांनी वापरलेली वस्तूही पाहण्यासारखी आहे. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, खाता येत नाही. पंढरपूर-मंगळवेढा भागात तो पिकवतात, वाळवतात आणि आतून पोखरतात. खायला निरुपयोगी असलेला हा भोपळा जाड सालीचा व पोकळ असतो, म्हणून तो तारेचा आवाज मोठा करतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसऱ्या टोकाला पुणे. तेथे अरविंद गुप्ता हे इंजिनियर टेल्को कारखान्यात नोकरी करत होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात गेले. तेथे खेड्यांतील शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बारीक तुकडे केले व आगपेटीच्या काड्या त्यात खोचून आकृत्या जोडल्या. चौकोन जोडला की तो डुलतो, एका बाजूला कलतो. त्रिकोण मात्र हलत नाही. छपराच्या कैच्यांत आणि पुलांत त्रिकोण का असतात, हे मुलांना काड्यांनी समजले. पुढे त्यांनी पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात कचऱ्यातून खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाण यांचे हे जन्मगाव. तेथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी आपल्या मुलाची हौस पुरवण्यासाठी जुन्या गाड्यांच्या सामानातून एक छोटी चारचाकी तयार केली. ती फटफटीसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, असेही ते म्हणाले, आणि तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. यावरून दोन गोष्टी शिकायच्या : कारागिराच्या हाताला मोल आहे, आणि घरी केलेली वस्तू कोठे वापरावी व कोठे वापरू नये, हेही पाहिले पाहिजे.

परदेशातही असे झाले आहे. त्रिनिदाद बेटावर इंग्रजांच्या अमलात चामड्याच्या ढोलांवर बंधने आली. तेथील लोकांनी आधी बांबू, मग बिस्किटांचे डबे आणि शेवटी तेलाची पिंपे ठोकून वाजवायला घेतली. पिंपाच्या तळाला हातोडीने खळगे पाडले, की मोठा खळगा खालचा सूर देतो आणि लहान खळगा वरचा. त्यातून 'स्टीलपॅन' हे वाद्य जन्मले व तेच त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य झाले. दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशात असुन्सियोन शहराजवळ कातेउरा नावाचा मोठा कचरा डेपो आहे. तेथील वस्तीतली मुले तेलाच्या डब्यांची आणि पिंपांची व्हायोलिने व चेलो वाजवतात. त्यांचा वाद्यवृंद देशोदेशी जाऊन आला आहे.

आवाज म्हणजे थरथर

आता आपल्या वाद्यांकडे वळू. पण त्याआधी एक सोपा प्रयोग. पट्टी बाकाच्या कडेवर अर्धी बाहेर धरा आणि बाहेरचे टोक दाबून सोडा. पट्टी थरथरते व 'घुर्र' असा आवाज येतो. आता पट्टी आत ओढून बाहेरचा भाग कमी करा. थरथर जलद होते आणि आवाज चढतो.

अनुमान : वस्तू थरथरली की आवाज होतो. या थरथरीला कंप म्हणतात. सेकंदाला कंप कमी तर आवाज खालचा, कंप जास्त तर आवाज वरचा. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंप ऐकू येतात. वरच्या 'सा'चे कंप खालच्या 'सा'च्या बरोबर दुप्पट असतात.

पहिले वाद्य : डब्याचे तुणतुणे

गोंधळात, पोवाड्यात व तमाशात तुणतुणे आपण पाहिले आहे. खऱ्या तुणतुण्याला लाकडी नळकांडे असते व त्याचे बूड कातड्याने मढवलेले असते. आपण कातड्याऐवजी पत्रा वापरू.

साहित्य : खाण्याच्या तेलाचा किंवा दूध पावडरचा गोल पत्र्याचा डबा, मोडक्या खुर्चीची दोन फूट लाकडी पट्टी, जुन्या ब्रेकवायरीचा एक पदर, कोटाचे मोठे बटण, लाकडी खुंटी, दोन स्क्रू, पक्कड, खिळा व हातोडी.

कृती : डब्याचे झाकण काढून टाकावे, बूड तसेच ठेवावे. बुडाच्या मधोमध खिळ्याने बारीक भोक पाडावे. तार बटणात ओवून गाठ मारावी. तारेचे दुसरे टोक बुडाच्या भोकातून आत घालून डब्याच्या उघड्या तोंडातून बाहेर काढावे. म्हणजे बटण बाहेरून बुडाला टेकते. लाकडी पट्टी डब्याच्या बाहेरच्या अंगाला उभी लावून दोन स्क्रूंनी पक्की करावी. पट्टीच्या वरच्या टोकाला भोक पाडून खुंटी घट्ट बसवावी. भोक पाडण्याचे काम मोठ्या माणसाकडून करून घ्यावे. आता तार खुंटीला गुंडाळून हळूहळू पिळावी व काडीने छेडावी.

निरीक्षण : खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. पट्टी डब्याला न लावता तीच तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली, तर जवळच्यालाच ऐकू येते. डबा लावला की तोच आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

अनुमान : तार बारीक असते. ती एकटी थरथरून थोडीच हवा हलवते. पण ती बुडाच्या पत्र्याला सोबत थरथरवते, आणि पत्रा रुंद असल्यामुळे पुष्कळ हवा हलते. तंबोऱ्याचा कडू भोपळा हेच काम करतो.

माझ्या आज्जाने हे तुणतुणे हातात घेऊन पाहिले. म्हणाला, "आरं, ह्ये तर गोंधळ्याच्या तुणतुण्यावानी वाजतंय की! फकस्त खुंटी सैल हाय, जरा चिंधी लावा." खुंटीला चिंधी लावली तेव्हा ती फिरायची थांबली. हा उपाय आमच्या कुणाच्या वहीत नव्हता.

दुसरे वाद्य : मापाची तार

कृती : तीन फूट लांबीची फळी घ्यावी. एका टोकाला खिळा ठोकून त्याला तार बांधावी. दुसऱ्या टोकाला शिवणाच्या दोऱ्याचे रिकामे रीळ खिळ्यावर फिरेल असे बसवावे व तार त्यावरून खाली सोडावी. तारेला पाण्याची बाटली टांगावी. फळीवर पेन्सिलीचे दोन तुकडे ६० सेंमी अंतरावर आडवे ठेवून तार त्यांवर टेकवावी. या तुकड्यांना घोडी म्हणायचे. तिसरी घोडी किंचित उंच घ्यावी. ती सरकवून तारेची वाजणारी लांबी कमी करता येते.

बाटली का टांगायची? कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तराजू लागत नाही. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो, दोन लिटरची म्हणजे दोन किलो. रिकाम्या बाटल्या हीच आपली वजने.

आम्ही घोडी सरकवत गेलो आणि पेटीशी सूर जुळवत गेलो. सूर कोठे कोठे लागतात ते खालील तक्त्यात आहे. शेवटचा रकाना पुढच्या वाद्यासाठी आहे.

स्वर — तारेचा भाग — तारेची लांबी — नळीची लांबी
सा — पूर्ण — ६० सेंमी — २४ सेंमी
रे — ८/९ — ५३.३ सेंमी — २१.३ सेंमी
ग — ४/५ — ४८ सेंमी — १९.२ सेंमी
म — ३/४ — ४५ सेंमी — १८ सेंमी
प — २/३ — ४० सेंमी — १६ सेंमी
ध — ३/५ — ३६ सेंमी — १४.४ सेंमी
नी — ८/१५ — ३२ सेंमी — १२.८ सेंमी
वरचा सा — १/२ — ३० सेंमी — १२ सेंमी

अपूर्णांक आपण पाचवीपासून गणितात सोडवतो. ते वहीत असतात तेव्हा रुक्ष वाटतात. येथे मात्र दोन तृतीयांश म्हणजे 'प' आणि एक द्वितीयांश म्हणजे वरचा 'सा', असे अपूर्णांक कानाने ऐकू आले. सतराव्या शतकात पंडित अहोबल यांनी 'संगीत पारिजात' ग्रंथात वीणेच्या तारेच्या लांबीवरूनच स्वरांच्या जागा सांगितल्या आहेत. त्याच शतकात, १६३६ मध्ये, फ्रान्समधील मर्सेन यांनी तारेची लांबी, ताण व जाडी यांचे नियम आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले.

ताणाचा नियम बाटल्यांनी पडताळता येतो. अर्धा किलोवर तार छेडून 'सा' लक्षात ठेवावा. आता वजन दुप्पट म्हणजे एक किलो केले, तर वरचा 'सा' येईल असे वाटते. तो येत नाही. सूर 'म' आणि 'प' यांच्या मध्येच कोठेतरी लागतो. वरचा 'सा' ऐकायचा तर दोन किलोची बाटली लावावी लागते. म्हणजे कंप दुप्पट करायला ताण चौपट लागतो. दोन किलोपेक्षा जास्त वजन लावू नये. तार तुटून डोळ्याला लागू शकते. तार छेडताना तोंड नेहमी बाजूला ठेवावे.

तिसरे वाद्य : नळ्यांचा पावा

कृती : घरात वायरिंग केल्यावर उरलेले अर्धा इंची पाईपचे तुकडे घ्यावेत. तक्त्यातील मापापेक्षा प्रत्येक नळी दोन सेंमी लांब कापावी. कापलेली कड काचकागदाने घासावी. नळ्या साबणाने धुवाव्यात. खालच्या टोकात शाडूचा गोळा दोन सेंमी जाड बसवावा. आठही नळ्या लांबीच्या क्रमाने ओळीत ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळाव्यात. नळीचे तोंड ओठाखाली धरून आडवी फुंकर मारावी, बाटलीच्या तोंडावर मारतो तशी.

सूर थोडा उतरलेला वाटला तर शाडू खालून पेन्सिलीने किंचित वर सारावा, चढलेला वाटला तर वरून खाली दाबावा. नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही थरथरते, म्हणून तक्त्यातील मापात थोडा फरक करावा लागतोच.

निरीक्षण : येथे तार नाही, पत्रा नाही. तरीही तेच अपूर्णांक लागू पडतात. २४ च्या निम्मे १२, आणि १२ ला वरचा 'सा'. नळीत हवेचा खांब थरथरतो; खांब निम्मा झाला की कंप दुप्पट होतात.

चौथे वाद्य : बाटल्यांचे कोडे

एकाच मापाच्या सहा काचेच्या बाटल्या ओळीत ठेवा. त्यांत कमी-जास्त पाणी भरा. लाकडी चमच्याने हळू ठोका. जास्त पाण्याची बाटली खालचा सूर देते. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारा. जास्त पाण्याची बाटली वरचा सूर देते! बाटल्या त्याच, पाणी तेच, आणि उत्तर अगदी उलट. असे का?

उत्तर वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा. ठोकतो तेव्हा काच आणि पाणी थरथरते. पाणी वाढले की थरथरणारे वजन वाढते, म्हणून कंप मंदावतात. फुंकतो तेव्हा वरची हवा थरथरते. पाणी वाढले की हवेची जागा कमी होते, म्हणून कंप वाढतात. 'आवाज कशाचा?' असे विचारण्याऐवजी 'थरथरते काय?' असे विचारले, की कोडे सुटते.

हे मात्र वापरायचे नाही

हा भाग पालकांनी अवश्य वाचावा. वस्तूचा गुण राहतो, तसे विषही राहते.

१. कीटकनाशकाचे व तणनाशकाचे डबे, कॅन, बाटल्या कशासाठीही वापरू नयेत, धुऊनसुद्धा नाही. अशा डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नये. असे डबे भोक पाडून निकामी करावेत, म्हणजे दुसरे कुणी पाण्याला किंवा धान्याला वापरणार नाही.
२. ठिबकच्या जुन्या नळ्या तोंडाला लावू नयेत. त्यांतून खते, औषधे व ॲसिड गेलेले असते.
३. बॅटऱ्या व सेल फोडू नयेत. जुन्या बॅटरीत शिसे व ॲसिड असते.
४. फुटलेल्या ट्यूबलाइटला हात लावू नये. तिच्यात पारा असतो.
५. पत्र्याची कड पक्कडीने आत दुमडावी. गंजका पत्रा लागला तर जखम साबणाने धुऊन लगेच दवाखान्यात जावे. धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते.
६. फवाऱ्याचे (स्प्रेचे) डबे ठोकू किंवा तापवू नयेत. ते फुटतात.

आमच्या शेताच्या बांधावर औषधांचे सात रिकामे डबे सापडले. त्यांतील एक गोठ्यात पाणी घ्यायला ठेवलेला होता. तो आईने त्याच दिवशी काढून टाकला. सगळी वाद्ये झाली नसती आणि एवढे एकच काम झाले असते, तरी आमचा वेळ सार्थकी लागला असता.

पालकांना विनंती

काही पालक विचारतात, "ह्याला मार्क हायेत का?" मार्क किती मिळतील ते गुरुजी ठरवतील. पण या एका कामात विज्ञानातील ध्वनी, गणितातील अपूर्णांक आणि मोजमाप, इतिहासातील मिरज, असे सारे आले. दुसरे म्हणजे घरच्या माणसांची विद्या शाळेत आली. सुतारकाम जाणणाऱ्या एका पालकांनी भोके पाडून दिली, सायकल दुकानदार काकांनी तुटक्या ब्रेकवायरी फुकट दिल्या, भंगारवाल्या काकांनी धातू ओळखायला शिकवले, आज्जाने खुंटीला चिंधी लावली. हे सगळे आमचे गुरूच झाले.

आज आमच्याकडे नऊ तुणतुणी, दोन मापाच्या तारा, सहा पावे आणि बाटल्यांचा एक संच आहे. त्यांचा सूर बाजारच्या वाद्यासारखा पक्का नाही. तुणतुण्याची तार दोन-तीन गाण्यांनंतर उतरते, मग पुन्हा पेटीशी जुळवावी लागते. पण जुळवता जुळवताच कान तयार होतो. आषाढात माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंद मुक्कामी येते, तेव्हा टाळ, पखवाज आणि वीणा आपण सारेच ऐकतो. यंदा आपल्या शाळेच्या बालदिंडीत ही तुणतुणीही असतील. परिपाठाला टाळ्या वाजवणाऱ्यांची संख्या आता चाळीसवरून बावीसवर आली आहे. ती शून्यावर आणायची आहे.

त्यासाठी पुढील वस्तू भंगारात घालण्यापूर्वी एकदा आम्हांला विचारावे : खाण्याच्या तेलाचे व दूध पावडरचे पत्र्याचे डबे, सायकलच्या ब्रेकवायरी व ट्यूब, वायरिंगच्या पाईपचे तुकडे, शिवणाची रिकामी रिळे, मोठी बटणे, मोडक्या खुर्च्यांच्या पट्ट्या. सोबत ती वस्तू वापरणाऱ्या माणसालाही अर्धा तास पाठवलेत तर फार चांगले.

सर्व वाद्ये व्हरांड्यातील लांब टेबलावर मांडली आहेत. शेजारी एक कोरी वही आहे. तिच्यात दोन रकाने आखलेले आहेत. आपल्या घरातील एका निकामी वस्तूचे नाव, तिचे काम आणि तिचा गुण त्यात लिहावा. आणि प्रदर्शनात असते तशी 'हात लावू नये' ही पाटी आम्ही लावलेली नाही. हात लावावा, वाजवून पाहावे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी, कार्यानुभव गट